शिरेचे दुखणे आणि सातपुड्यातली झाडे : कोणता पाला कशासाठी, आणि किती भरवशाचा

‘नस’ हा शब्द आपल्याकडे एकाच वेळी तीन गोष्टींना लागतो. रात्री पोटरीत गोळा आला की नस चढली, कंबरेतून मांडीच्या मागून घोट्यापर्यंत कळ उतरली की नस दबली, आणि पायावर निळ्या फुगीर रक्तवाहिन्या दिसू लागल्या की त्याही नसाच. पहिले दुखणे स्नायूचे, दुसरे मज्जातंतूचे आणि तिसरे रक्तवाहिनीचे असते; परंतु नाव एकच असल्यामुळे निर्गुडीचा तोच पाला तिन्हींवर बांधला जातो, एकाला गुण येतो, दुसऱ्याला येत नाही, आणि मग झाडाचे गुणगान किंवा झाडाची निंदा यांपैकी काहीतरी एक गावभर होते. म्हणून झाडांकडे वळण्याआधी दुखणे नेमके कोणत्या नसेचे आहे हे ठरवणे, ही या मार्गदर्शनातली पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

दुखणे ओळखावे कसे

मज्जातंतूचे दुखणे शब्दांवरूनच बरेचसे कळते. अहिराणीत ‘पायनी आग व्हस’ असे एखादी आजी म्हणते तेव्हा ती वैद्यकीय दृष्टीने अगदी अचूक बोलत असते. आग होणे, मुंग्या येणे, सुया टोचणे, विजेचा झटका बसल्यासारखे होणे, अंगावरची चादरही सहन न होणे आणि त्याच जागी बधिरपणाही असणे, ही मज्जातंतूच्या वेदनेची लक्षणे आहेत. ठणका, सूज आणि हालचालीनंतर वाढणारे दुखणे बहुधा सांध्याचे किंवा स्नायूचे असते.

त्यानंतर जागा पाहावी. दोन्ही पायांत बोटांपासून सुरू होऊन मोजा घातल्यासारखी वर सरकणारी आग ही मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा दीर्घकाळचे मद्यपान यांच्याकडे बोट दाखवते. कंबरेतून एकाच पायात गुडघ्याच्या खाली उतरणारी कळ म्हणजे सायटिका. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हणतात आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात तिचे वर्णन आहे. रावेर-यावल भागात केळीचे 20-25 किलोचे घड खांद्यावर वाहणाऱ्या मजुरांत ही तक्रार वारंवार ऐकू येते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना रात्री मुंग्या येत असतील तर मनगटात मज्जातंतू दाबला जात असण्याचा संभव असतो. चेहऱ्याच्या एकाच बाजूला, दात घासताना किंवा वारा लागताच झटके येत असतील, तर ते दुखणे दाताचे नसून चेहऱ्याच्या मज्जातंतूचे असू शकते. या गैरसमजातून चांगले दात काढून घेतलेली माणसे कमी नाहीत. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथे कापूस फिरवल्याचे कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे उपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि प्रकारानुसार 6 किंवा 12 महिन्यांत पूर्ण होतात. अशा चट्ट्यावर पाला बांधत बसणे म्हणजे हातापायांची बोटे गमावण्याची तयारी करणे होय.

नागिणीबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे अजून जिवंत आहे, आणि त्या भीतीपोटी लोक आधी नागीण उतरवणाऱ्याकडे जातात. वास्तविक नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचाच दुसरा फेरा असतो, तो सहसा शरीराच्या एकाच बाजूला राहतो, आणि पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू केल्यास सर्वांत जास्त उपयोग होतो. ते तीन दिवस गेरू लावण्यात आणि मंत्र घालण्यात गेले, तर पुरळ वाळते पण त्या पट्ट्यातली आग काही वेळा महिनोन्‌महिने राहते.

घरी करण्याजोग्या तीन साध्या चाचण्या आहेत. डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या दोन्ही पायांना आळीपाळीने कापसाचा बोळा लावावा आणि कळले का ते विचारावे. मग टाचांवर दहा पावले आणि चवड्यांवर दहा पावले चालायला सांगावे. एका बाजूचे पाऊल खाली पडत असेल, तर मज्जातंतू नुसता दुखत नसून दुबळा होऊ लागला आहे. तिसरी चाचणी विचारण्याची आहे : चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असे होते का? अनेक मधुमेही माणसांना बधिरपणाचा पत्ता पहिल्यांदा चपलेनेच लागतो.

पुढील लक्षणांत कोणताही पाला, काढा किंवा मालीश करू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे : लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायांतली शक्ती तासातासाने किंवा दिवसादिवसाने कमी होत जाणे, आणि पाठदुखीबरोबर ताप किंवा झपाट्याने घटणारे वजन असणे.

पाल्याआधी चार तपासण्या

उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, बी-१२, थायरॉइड आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, एवढ्या तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात. बी-१२ विशेष लक्षात ठेवावे. शुद्ध शाकाहारी घरांत ते कमी आढळते, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी उतरते. त्यामुळे साखर आटोक्यात असूनही पायांची आग वाढत जाते आणि दोष मात्र साखरेला मिळतो. ही कमतरता भरून काढता येते, उशीर झाला तर मात्र मज्जातंतूचे नुकसान कायमचे राहू शकते. जगातला कोणताही पाला बी-१२ची जागा घेत नाही.

निर्गुडी

आता झाडांकडे येऊ. सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांच्या काठी आणि शेतांच्या बांधांवर निर्गुडी सर्वत्र दिसते. एका देठावर तीन किंवा पाच पाने, खालची बाजू पांढुरकी, फुलांचे निळसर जांभळे तुरे आणि चुरगाळताच येणारा उग्र वास, या खुणांवरून ती ओळखावी. धान्याला कीड लागू नये म्हणून कोठीत ठेवतात तोच हा पाला. उंदरांवरील अनेक प्रयोगांत या पानांच्या अर्काने सूज आणि वेदना कमी झाल्याचे दिसले आहे. मज्जातंतूच्या वेदनेसाठी मोठ्या संख्येने माणसांवर केलेल्या, तुलनेसाठी खोटे औषध वापरलेल्या चाचण्या मात्र या झाडाच्या वाट्याला आलेल्या नाहीत. दुसरीकडे, कंबरदुखीत वरून दिलेल्या उष्णतेने थोड्या काळापुरता आराम मिळतो, याला माणसांवरचा बरा पुरावा आहे. त्यामुळे निर्गुडीच्या शेकाने बरे वाटते तेव्हा त्यात पाल्याचा वाटा किती आणि तव्याचा किती, हा प्रश्न मी तरी उघडाच ठेवतो. शेक निरुपद्रवी रीतीने दिला तर त्याचे उत्तर मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

शेकासाठी दोन मुठी ताजी पाने धुऊन, पुसून जाडसर चिरावीत. लोखंडी तव्यावर चमचाभर तिळाचे तेल टाकून मंद आचेवर पाने नरम होईपर्यंत परतावीत आणि जुन्या धुतलेल्या सुती कापडात बांधून पुरचुंडी करावी. शेक देणाऱ्याने ती आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला पाच सेकंद धरून पाहावी. तिथे सोसत नसेल तर रुग्णालाही लावू नये. कंबर, ढुंगण आणि मांडीची मागची बाजू यांवर 10 ते 15 मिनिटे, पुरचुंडी एका जागी न ठेवता फिरवत शेकावे. बधिर पायावर मात्र शेक कधीही देऊ नये. माझ्या एका मावशीच्या पायांची आग थांबावी म्हणून घरातल्यांनी प्रेमानेच गरम मिठाचा शेक दिला, तिला चटका कळलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी तळव्यावर आलेला फोड भरायला पावसाळा संपला. मधुमेही पायाला आग कळते पण चटका कळत नाही, ही गोष्ट विचित्र वाटली तरी खरी आहे, कारण वेदना निर्माण करणारे आजारी तंतू आणि उष्णता ओळखणारे मेलेले तंतू एकाच पायात शेजारी शेजारी असतात.

मालिशीसाठी तेल करायचे असेल तर आयुर्वेदातले जुने प्रमाण सोपे आहे : कल्क एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग. घरगुती मापाने 60 ग्रॅम पानांचा वाटलेला गोळा, 250 मिलिलिटर तिळाचे तेल आणि 1 लिटर पानांचा रस किंवा काढा घ्यावा. भांडे पसरट व खोल असावे आणि निम्म्याहून अधिक भरू नये, कारण पाणी आटत आले की तेल उडते. सतत ढवळत मंद आचेवर शिजवावे. कल्काची दोन बोटांत वात वळू लागली, ती विस्तवावर धरली असता तडतडली नाही आणि तेलावर फेस येऊ लागला, की तेल उतरवावे, कोमट असताना गाळावे आणि कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे. तडतड राहिली तर पाण्याचा अंश राहिला आहे आणि तेल लवकर खवट होईल. पहिल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दुसऱ्या दिवसापर्यंत लाली किंवा खाज येत नाही ना हे पाहावे. नागिणीच्या ओल्या पुरळावर, जखमेवर आणि सुजलेल्या लाल पोटरीवर हे तेल चोळू नये. अशी पोटरी रक्ताची गुठळी झाल्यामुळेही असू शकते.

पारिजातक, आणि नावाचा एक घोळ

सायटिकावर पारिजातकाच्या पानांचा काढा हा उपाय खानदेशातच नव्हे, तर महाराष्ट्रभर सांगितला जातो. त्याचे मूळ अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्तांच्या चिकित्साग्रंथात दाखवले जाते. तिथे मंद आचेवर केलेला शेफालिकेच्या पानांचा काढा गृध्रसीवर सांगितला आहे. अडचण अशी की ‘शेफालिका’ हे नाव काही निघंटूंत, म्हणजे औषधी द्रव्यांच्या जुन्या कोशांत, पारिजातकाला तर काहींत निर्गुडीच्या एका प्रकाराला दिलेले आहे. म्हणजे हजार वर्षांची परंपरा ज्या झाडाच्या नावावर जमा आहे ते झाड नक्की कोणते, यावरच जाणकारांचे एकमत नाही. हे सांगण्याचा हेतू परंपरेला खोटे ठरवण्याचा नाही, पण ‘ग्रंथात लिहिले आहे’ एवढ्यावर प्रश्न मिटत नाही हे यावरून दिसते. पारिजातकाच्या पानांचा वेदनाशामक गुण प्राण्यांवरील प्रयोगांत दिसला आहे. माणसांवरचा भक्कम पुरावा नाही.

तरीही काढा घ्यायचाच असेल तर आधी वैद्याला नाडी नव्हे, चालू असलेल्या गोळ्यांची यादी दाखवावी. सुक्या पानांच्या भरडीला सोळापट पाणी घालून, झाकण न ठेवता, मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवण्याची शास्त्रोक्त रीत आहे. मात्रा वैद्याने ठरवावी. काढा रोज ताजा करावा, कालचा उरलेला घेऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे रुग्ण आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी तो टाळावा.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. सायटिकाचे बहुतेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरेच सुधारतात, मग त्यांनी काढा घेतलेला असो वा नसो. शिवाय माणूस झाडाकडे वळतो तो दुखणे सर्वांत जास्त असताना, आणि शिखरानंतर उतार येतोच. त्यामुळे ‘मला पंधरा दिवसांत गुण आला’ हे विधान प्रामाणिक असूनही झाडाच्या बाजूचा पुरावा ठरत नाही.

सलई, शेवगा, एरंड

सलई हे सातपुड्याच्या खडकाळ उतारांवरचे आपले खास झाड. त्याच्या डिंकातली बोस्वेलिक आम्ले शरीरातली दाह निर्माण करणारी एक साखळी अडवतात. गुडघ्याच्या झिजेवर त्याच्या प्रमाणित अर्काने वेदना थोडी पण खरोखर कमी होते, असे 2014 सालच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अहवालात, नोंदवले आहे. तो पुरावा गुडघ्याचा आहे, मज्जातंतूचा नाही. आणि तो गोळीतल्या मोजलेल्या अर्काचा आहे, बाजारातून आणलेल्या डिंकाच्या खड्याचा नाही. दाह कमी करणारी औषधे मज्जातंतूच्या आगीवर मुळातच फारशी चालत नाहीत. डोकेदुखीची साधी गोळी घेऊन तळपायांची आग थांबत नाही ती याच कारणाने.

शेवग्याच्या पाल्याची भाजी खुशाल खावी. आहार म्हणून ती उत्तम आहे, औषध म्हणून सिद्ध नाही. एरंडेल तेल गृध्रसीत पोटातून देण्याची प्रथा आहे, परंतु ते मुळात तीव्र रेचक आहे आणि वृद्धांत जुलाबाने पाणी व क्षार कमी होतात. एरंडाचे पान कोमट करून कंबरेवर बांधण्यात धोका नाही. एरंडाची बी मात्र विषारी असते, ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

ज्यांना हात लावू नये

बिब्ब्याचा डाग देणे, रुईचा चीक लावणे आणि काजऱ्याची बी पोटात घेणे, हे तीन उपाय मी कोणालाही सुचवणार नाही. बिब्ब्याच्या तेलाने त्वचा भाजल्यासारखी सुजते आणि काहींच्या सर्वांगावर पुरळ उठते. डाग दिल्यावर जुने दुखणे काही काळ जाणवत नाही, कारण नवे दुखणे मोठे असते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. काजऱ्यात, म्हणजे कुचल्यात, स्ट्रिक्निन हे विष असते आणि औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे असते. या तिन्ही वनस्पती औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. शुद्धीकरण केलेली औषधे नोंदणीकृत वैद्याच्या देखरेखीखालीच घेतली जावीत.

पुरावा सर्वांत भक्कम कोणाचा? मिरचीचा

मिरची झाड नव्हे, झुडूप. तरीही तिला वगळून हा विषय पुरा होत नाही. नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळवणाऱ्या आणि देठ खुडणाऱ्या बायकांना हात रात्रभर कसे पेटतात ते ठाऊक आहे, आणि ते पाण्याने नव्हे तर तेलाने थोडे निवतात हेही ठाऊक आहे. तो दाह करणारा घटक म्हणजे कॅप्सेसिन. मज्जातंतूच्या टोकांवर उष्णता ओळखणारे एक ग्राहक (रिसेप्टर) असते, त्याला कॅप्सेसिन चिकटते. या ग्राहकाच्या शोधासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चे नोबेल मिळाले. कॅप्सेसिन भरपूर मिळाले की ती टोके आधी पेटतात आणि मग काही आठवडे मागे सरून गप्प बसतात.

या तत्त्वावर 8 टक्के कॅप्सेसिनची पट्टी तयार झाली. अमेरिकेत तिला नागिणीनंतरच्या वेदनेसाठी 2009 मध्ये आणि मधुमेही पायांच्या वेदनेसाठी 2020 मध्ये मान्यता मिळाली. ती डॉक्टरच लावतात, नागिणीच्या जागी एक तास आणि पायांवर अर्धा तास, आणि गुण येणाऱ्यांना तो तीन महिन्यांपर्यंत टिकू शकतो. आपल्याकडे औषध दुकानांत सहज मिळते ते 0.025 किंवा 0.075 टक्क्यांचे मलम. त्याचा पुरावा पट्टीइतका पक्का नाही. ते वापरायचे तर दिवसातून तीन-चार वेळा, अखंड त्वचेवर, काही आठवडे नियमित लावावे लागते. पहिल्या आठवड्यात आग वाढते आणि तिथेच बहुतेक लोक ते सोडून देतात. लावताना हातमोजे वापरावेत, डोळ्यांना हात लावू नये आणि त्यावर शेक देऊ नये. घरी मिरची वाटून लेप करू नये, कारण त्यात कॅप्सेसिन किती हे कळण्याचा मार्ग नाही आणि फोड येतात.

स्वतःची नोंद ठेवण्याची पद्धत

उपाय सुरू करण्याआधी एक आठवडा रोज रात्री वहीत वेदनेला 0 ते 10 मधला आकडा द्यावा आणि किती तास झोप झाली ते लिहावे. मग एकच उपाय सुरू करावा. शेक, काढा, मलम आणि शेजाऱ्याने दिलेली पुडी एकदम घेतली तर गुण कशाचा आणि अपाय कशाचा हे कधीच कळणार नाही. चार आठवड्यांनी पहिल्या आठवड्याशी तुलना करावी. वेदना साधारण 30 टक्के, म्हणजे 7 वरून 5 पर्यंत, उतरली तर संशोधनातही तो अर्थपूर्ण फरक मानतात. तेवढी उतरली नाही तर उपाय बंद करून डॉक्टरांशी प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन यांबद्दल बोलावे. मज्जातंतूच्या वेदनेवर माणसांवरच्या चाचण्यांतून आधी वापरायची म्हणून पुढे आलेली औषधे हीच आहेत. चेहऱ्याच्या झटक्यांसाठी कार्बामाझेपिन आहे. त्यांनी गुंगी, चक्कर आणि कोरडे तोंड असे त्रास होऊ शकतात, म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात.

पुडी घेताना

आठवडी बाजारात ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीने एकाच रात्रीत आराम पडला, तर आनंदापेक्षा संशय अधिक वाटावा. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्यांची भुकटी मिसळल्याचे प्रकार उघड झालेले आहेत, आणि मधुमेह्याची साखर त्याने एकदम वर जाते. 2008 मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 20.7 टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. शिसे आणि आर्सेनिक ही दोन्ही स्वतःच मज्जातंतू खराब करतात, म्हणजे ज्या दुखण्यासाठी पुडी घेतली तेच दुखणे पुडीने वाढू शकते. म्हणून उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि मुदत छापलेली असेल तीच वस्तू घ्यावी, आणि तिचे वेष्टण फेकू नये. तपासणीला जाताना ते वेष्टण, तेलाची बाटली आणि आकड्यांची वही एकाच पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी. काढा घेतो म्हणून रागावतील या भीतीने लपवू नये.